विश्लेषण : मयसभेत द्रौपदी खरेच हसली होती का? साहित्यावरच्या निबंधात पुरावा कसा द्यायचा?

दुर्योधन मयसभेत पाण्यात पडला, द्रौपदी हसली, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असे म्हणाली आणि त्या एका वाक्याने महाभारत घडले. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. पण ती कोणत्या पानावर आहे? साहित्यावर निबंध लिहिताना विधानाला पुरावा द्यावा लागतो म्हणजे नेमके काय करावे लागते, हे समजून घेण्यासाठी या एका हसण्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

प्रकरण काय आहे?

माझी मामेबहीण बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला ‘सभापर्वातील द्रौपदी’ या विषयावर निबंध लिहायचा होता. तिने पहिल्याच परिच्छेदात द्रौपदीचे हसणे, तो टोमणा आणि त्यातून पेटलेले युद्ध असे सगळे लिहून टाकले. निबंध परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी समासात बाईंनी लाल शाईने दोनच प्रश्न लिहिले होते : ‘कुठे आहे? कोण म्हणते?’

तिचा मला फोन आला. ‘दादा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. आजीसुद्धा सांगते. आता पुरावा कुठून आणू?’ आजी सांगते हे खरेच. आमच्या घरात एखादी मुलगी खळखळून हसली की, ‘इतके हसू नये, द्रौपदी हसली आणि महाभारत झाले,’ हे वाक्य ठरलेले. मी तिला म्हटले, थांब, शोधून सांगतो. इंटरनेटवर शोध घेतला. पहिल्या काही दुव्यांमध्ये एक लेख आमच्याच संकेतस्थळाचा निघाला. महाभारतातील पाच मोठ्या चुका, अशा धाटणीचा. द्रौपदीचा टोमणा त्यात दुसऱ्या क्रमांकावर होता, अवतरणचिन्हांसह. लेखाखाली माझे नाव होते.

दोन वर्षांपूर्वी तो लेख मी तासाभरात लिहिला होता. संदर्भ म्हणून जे चार लेख उघडले होते, त्यांनी एकमेकांवरूनच उतरवलेले होते. त्यामुळे बाईंचे दोन प्रश्न बहिणीइतकेच मलाही लागू होते. म्हणून सभापर्व उघडले.

सभापर्वात नेमके काय आहे?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीनुसार, हा प्रसंग सभापर्वाच्या ४३ व्या अध्यायात येतो. राजसूय यज्ञ आटोपला आहे. दुर्योधन आणि शकुनी सभा पाहत हिंडत आहेत. स्फटिकाची फरशी पाहून दुर्योधनाला पाणी वाटते आणि तो वस्त्रे वर उचलतो. पुढे खरेखुरे पाणी त्याला जमीन वाटते आणि तो वस्त्रांसह पाण्यात पडतो. ते पाहून सेवक हसतात. राजाच्या आज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रे दिली जातात. मग भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात. दुर्योधन पुन्हा चुकतो, तेव्हा सगळे लोक पुन्हा हसले असा उल्लेख आहे.

हे सांगणारा आहे वैशंपायन, म्हणजे जनमेजयाला महाभारत ऐकवणारा निवेदक. त्याने हसणाऱ्यांची नावे घेतली आहेत. त्यात द्रौपदीचे नाव नाही. आंधळ्याच्या मुलाबद्दलचा टोमणा तर कोणाच्याच तोंडी नाही.

परतीच्या वाटेवर दुर्योधन शकुनीजवळ मन मोकळे करतो. हेही त्याच अध्यायात आहे. युधिष्ठिराच्या ताब्यात आलेली पृथ्वी, तो यज्ञ, शिशुपाल मारला गेला तरी एकही राजा उठला नाही ही गोष्ट, ती संपत्ती आणि ती सभा, हे सगळे तो बोलून दाखवतो. हसण्याचा उल्लेखही करतो. पण कोणाच्या? रक्षकांच्या. द्रौपदीचा नाही.

मग द्रौपदीचे हसणे आले कुठून? ते आहे ४६ व्या अध्यायात. इथे ऐकणारा बदलला आहे. विदुराला द्यूत मान्य नाही, तेव्हा हा नाद सोड, असे धृतराष्ट्र दुर्योधनाला एकांतात समजावतो आहे. त्याला उत्तर देताना दुर्योधन मयसभेतील फजिती पुन्हा सांगतो आणि या वेळी म्हणतो की, कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली.

म्हणजे एकच घटना तीन वेळा सांगितली गेली आहे. निवेदकाच्या सांगण्यात द्रौपदी नाही. मामाला सांगताना दुर्योधनाच्या बोलण्यात द्रौपदी नाही. द्यूताला तयार नसलेल्या वडिलांना सांगताना मात्र ती येते.

यातला सर्वात मोठा दुवा कोणता?

मला सर्वात जास्त धक्का बसला तो द्रौपदीमुळे नाही, कृष्णामुळे. ४२ वा अध्याय संपतो तोच मुळी कृष्णाच्या निरोपाने. कृष्ण द्वारकेला निघून गेल्यावर दुर्योधन आणि शकुनी हे दोघेच त्या सभेत मागे राहिले, असे निवेदक स्पष्ट सांगतो. त्यानंतर ४३ व्या अध्यायात दुर्योधन पाण्यात पडतो. निवेदनाचा हा क्रम धरला तर दुर्योधन पडला त्या वेळी कृष्ण तिथे नव्हताच. तरीही वडिलांपुढे दुर्योधन कृष्ण हसल्याचे सांगतो, आणि त्याला लागूनच द्रौपदीचे नाव घेतो.

इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाचे एक वाचन चुकीचे निघाले, तर त्याच उपकरणाची बाकीची वाचनेही पुन्हा तपासावी लागत. साक्षीचेही तसेच आहे. कृष्णाबद्दल दुर्योधनाचे सांगणे निवेदनाशी जुळत नसेल, तर त्याच दमात सांगितलेली द्रौपदीची गोष्ट जशीच्या तशी घटना म्हणून वापरता येत नाही.

तीन अध्याय शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही. ‘द्रौपदी हसली’ हे सिद्ध करायला संहितेत आधार नाहीच, असे नाही, आधार आहे. ४६ व्या अध्यायातला तो श्लोक दाखवून कोणीही म्हणू शकेल, हे पाहा, लिहिले आहे. पण कुठे आहे, या एकाच प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळते. कोण म्हणते, कोणाला म्हणते आणि कशासाठी म्हणते, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

मग ‘द्रौपदी हसली नाही’ असे लिहायचे का?

नाही. इथे विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. समाजमाध्यमांवर तर हे रोजच दिसते. एक जण लिहितो द्रौपदीमुळे युद्ध झाले. दुसरा लिहितो द्रौपदी हसलीच नव्हती, हे सगळे कारस्थान आहे. पुराव्याच्या दृष्टीने दोघांचाही निष्कर्ष संहितेच्या पुढे पळालेला आहे.

निवेदकाने नाव घेतले नाही, याचा अर्थ ती हसली नाही असा होत नाही. सगळे लोक पुन्हा हसले, असे तोच निवेदक म्हणतो. त्या सगळ्यांत द्रौपदी होती की नव्हती, हे तो सांगत नाही. त्यामुळे हातात असलेल्या पुराव्यावर उभे राहील असे विधान इतकेच : द्रौपदीच्या हसण्याचा स्पष्ट उल्लेख फक्त दुर्योधनाच्या तोंडी येतो, आणि तोही वडिलांचे मन वळवताना.

हे विधान लहान वाटते. पण ते कोणी खोडून काढायला आले तर त्याला संहितेतला दुसरा श्लोक आणावा लागेल. ‘द्रौपदी अहंकारी होती’ हे विधान खोडायला मात्र कोणालाही काही आणावे लागत नाही. ‘मला नाही वाटत’ एवढे म्हटले तरी पुरते.

हसण्यामुळे युद्ध झाले, या दाव्याचे काय?

इथे पुराव्याचा आणखी एक प्रकार उपयोगी पडतो, तो म्हणजे प्रमाण. धृतराष्ट्राशी बोलताना दुर्योधन द्रौपदीच्या हसण्याला एका श्लोकातली एक ओळ देतो. त्यानंतरचे ४७ आणि ४८ हे दोन अध्याय जवळपास संपूर्ण भरले आहेत ते युधिष्ठिराला आलेल्या नजराण्यांच्या वर्णनाने. कोणत्या देशाच्या राजाने काय आणले, हे तो एकेक करून मोजतो. कंबोजांनी आणलेली लोकरीची आणि कातड्याची वस्त्रे, घोडे, उंट, मुंग्यांनी उकरून काढलेले सोने, असे बरेच काही. कित्येकांना नजराणे घेऊन दारातच थांबावे लागले, हेही सांगतो.

माणूस ज्यावर एक ओळ बोलतो आणि ज्यावर दोन अध्याय बोलतो, त्यांतले त्याला अधिक काय टोचते आहे? उत्तर वाचकाने ठरवावे, पण निबंधात हा हिशेब मांडता येतो. अवतरण न देताही संहितेतला पुरावा देता येतो, तो असा. एखादी गोष्ट किती वेळा आली, किती लांबीने आली, कोणत्या क्रमाने आली, कुठे अपेक्षित असूनही आली नाही, हा सगळा पुरावाच असतो. कादंबरीत एखादे पात्र शंभर पाने गायब असेल, कवितेत शेवटच्या कडव्यात अचानक ‘मी’ येत असेल, नाटकात एखाद्या प्रश्नाला उत्तरच दिले जात नसेल, तर ते नोंदवण्याजोगे आहे.

‘मूळ महाभारत’ म्हणजे कोणते?

या प्रश्नाशिवाय वरचे काहीच टिकत नाही. मी अध्यायांचे आकडे देतो आहे ते चिकित्सित आवृत्तीचे. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्रतीत हेच प्रसंग वेगळ्या क्रमांकाच्या अध्यायात असू शकतात.

महाभारत शतकानुशतके हाताने उतरवले गेले. काश्मीर, बंगाल, केरळ, महाराष्ट्र अशा ठिकठिकाणच्या पोथ्यांत मजकूर कमी-जास्त झाला. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रमुख संपादक म्हणून त्याला शिस्त लावली. सुमारे साडेबाराशे हस्तलिखिते तपासली गेली. सभापर्वाचे संपादन अमेरिकी संस्कृततज्ज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. १९४३ मध्ये सुकथनकरांचे निधन झाल्यानंतर इतर विद्वानांनी काम पुढे नेले आणि १९६६ मध्ये मुख्य संहिता पूर्ण झाली.

या आवृत्तीत नाकारलेला मजकूर फेकून दिलेला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत छापला आहे, कोणत्या पोथ्यांत मिळतो याच्या खुणांसह. उदाहरणार्थ, स्वयंवरात कर्ण धनुष्याकडे आला तेव्हा ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे द्रौपदी म्हणाली, हा प्रसंग काही पोथ्यांत आहे. पण चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य संहितेत त्याला स्थान मिळालेले नाही. म्हणून ‘द्रौपदीने कर्णाला जातीवरून नाकारले’ असे लिहिणाऱ्याने निदान कोणत्या पाठानुसार, एवढे तरी सांगायला हवे.

आणि ही आवृत्ती म्हणजे व्यासांच्या हातची प्रत, असाही दावा कोणी करत नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितके जुने रूप, एवढेच तिचे म्हणणे आहे.

मग लोककथा, मालिका, आजीची गोष्ट हे सगळे खोटे का?

मुळीच नाही. महाभारत काही एकाच पुस्तकात राहिलेले नाही. कीर्तनात, तमाशात, लोकगीतांत, कादंबऱ्यांत ते वाढत गेले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या मालिकेत तो टोमणा द्रौपदीच्याच तोंडी आहे आणि अनेक घरांत तो तिथूनच पक्का झाला.

कोणाला त्या मालिकेतल्या द्रौपदीवर निबंध लिहायचा असेल तर खुशाल लिहावा. तो चांगला विषय आहे. तिथे पुरावा मालिकेचा द्यायचा, भागाच्या क्रमांकासह. ‘लोकपरंपरेतील द्रौपदी’ असा विषय असेल तर आजीचे वाक्यही पुरावाच आहे. ते कोणी, कुठे, कोणत्या निमित्ताने म्हटले हे नोंदवायचे. उलट ते वाक्य मुलींना कधी ऐकवले जाते आणि मुलांना का ऐकवले जात नाही, यावर एक वेगळा निबंध होईल. चूक होते ती विषय ‘सभापर्वातील द्रौपदी’ असताना पुरावा मालिकेतला देण्याने. दावा ज्या संहितेबद्दल, पुरावा त्याच संहितेतला, हा पहिला नियम.

निबंधात हा पुरावा कसा मांडायचा?

बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत तीन पायऱ्या सांगितलेल्या असतात : दावा, पुरावा आणि स्पष्टीकरण. विद्यार्थ्यांची अडचण बहुधा तिसऱ्या पायरीवर होते. दावा केला, अवतरण चिकटवले आणि पुढच्या परिच्छेदाकडे पळाले. अवतरण स्वतः बोलेल अशी आशा असते. ते बोलत नाही. त्यातला कोणता शब्द, कोणता क्रम, कोणता वक्ता आपल्या दाव्याला आधार देतो, हे निबंध लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते. गणितात उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या गाळल्या की गुण कापले जातात, तसेच हे.

बहिणीचा पहिला परिच्छेद साधारण असा होता :

द्रौपदी मानी आणि अहंकारी होती. मयसभेत तिने दुर्योधनाचा अपमान केला. त्यामुळे दुर्योधनाने सूड घेण्याचे ठरवले आणि महायुद्ध झाले.

तीन वाक्ये, तीन दावे, पुरावा शून्य. चार दिवस ती आणि मी फोनवर भांडलो. ग्रंथालयातून तिने बिबेक देबरॉय यांच्या इंग्रजी अनुवादाचा खंड आणला; तो अनुवाद चिकित्सित आवृत्तीवरूनच केलेला आहे. मी दहावीला शंभर गुणांचे संस्कृत घेतले होते, तेही टक्के वाढतात म्हणून. ते अर्धवट संस्कृत या कामाला आले. शेवटी तिने लिहिलेला परिच्छेद असा :

सभापर्वात द्रौपदीच्या हसण्याचा स्पष्ट उल्लेख दुर्योधनाच्या तोंडी येतो. मयसभेतील फजिती सांगताना वैशंपायन सेवक, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव हसल्याचे सांगतो, द्रौपदीचे नाव घेत नाही (२.४३). द्यूताला विरोध करणाऱ्या धृतराष्ट्रापुढे मात्र दुर्योधन कृष्ण आणि द्रौपदी हसल्याचे म्हणतो (२.४६). कृष्ण त्याआधीच द्वारकेला गेल्याचे निवेदनात आलेले आहे (२.४२). त्यामुळे द्रौपदीचे हसणे हे घडलेल्या घटनेपेक्षा, वडिलांना वळवण्यासाठी दुर्योधनाने केलेल्या युक्तिवादाचा भाग म्हणून वाचणे अधिक योग्य वाटते.

दुसऱ्या परिच्छेदात एकही अवतरण नाही, तरी प्रत्येक वाक्य तपासता येते. कंसातले आकडे पर्व आणि अध्याय सांगतात; २ म्हणजे सभापर्व. शेवटच्या वाक्यातले ‘वाटते’ हेही महत्त्वाचे आहे. तिथे संहिता संपली आणि लिहिणारीचे मत सुरू झाले, हे त्या एका शब्दाने कळते.

अवतरण कधी द्यायचे आणि किती?

जिथे नेमक्या शब्दांवर मुद्दा अवलंबून आहे, तिथे अवतरण. जिथे फक्त काय घडले एवढेच हवे, तिथे आपल्या शब्दांत सारांश. कवितेवर लिहिताना अवतरणे जास्त लागतात, कारण तिथे शब्द बदलला की मुद्दाच जातो. कादंबरीवर लिहिताना दोन पानांचा प्रसंग एका वाक्यात सांगून त्यातले तीनच शब्द अवतरणात देणे पुरते.

अवतरण मुद्द्याला पुरेल इतके आखूड असावे, पण अर्थ उलटेल इतके तोडू नये. दुर्योधनाच्या तोंडचे वाक्य ‘महाभारतात म्हटले आहे’ म्हणून देणे हाही तोडण्याचाच प्रकार. नाटक आणि कादंबरीत ही चूक सर्रास होते. पात्राने रागात काढलेले उद्गार लेखकाचे विचार म्हणून भिंतीवर आणि शुभेच्छापत्रांवर जातात. खलनायकाचे वाक्य सुविचार होऊन फिरताना आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

अवतरण देण्यापूर्वी वाचकाला तयार करावे : कोण बोलतो आहे, कोणाशी, कोणत्या क्षणी. अवतरणानंतर निदान एक-दोन वाक्ये त्यावर खर्च करावीत. अवतरणाने परिच्छेद सुरू करून अवतरणानेच संपवणे टाळावे.

संदर्भ कसा नोंदवायचा?

वाचकाला ती जागा सापडली पाहिजे, हा एकच निकष. महाभारतासाठी पर्व, अध्याय, श्लोक. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी. तुकारामांच्या अभंगासाठी नुसता क्रमांक पुरत नाही, कारण निरनिराळ्या गाथांत क्रमांक वेगवेगळे आहेत. कोणती गाथा हेही लिहावे लागते. कादंबरीसाठी प्रकाशन, आवृत्तीचे वर्ष आणि पान. कवितेसाठी संग्रह, कवितेचे नाव आणि गरज असेल तर कडवे.

एक नवी अडचण चॅटबॉटची आहे. ‘द्रौपदीच्या हसण्याचा श्लोक दे’ असे विचारले तर तो अध्याय-श्लोकासह काहीतरी देऊ शकतो, आणि ते आकडे असतात त्या जागी भलतेच काही निघू शकते. क्रमांक दिसला म्हणजे पुरावा मिळाला असे नाही. पुस्तक उघडून त्या जागी बोट ठेवता आले, तरच तो आपला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची संस्कृत संहिता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, त्यामुळे निदान या बाबतीत सबब उरत नाही.

आपली कल्पना कुठे मांडायची?

पुराव्याचा एवढा धाक घातला की विद्यार्थी घाबरतात आणि निबंधाऐवजी संदर्भांची यादी लिहितात. त्यांनी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ पाहावे. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या इरावतीबाईंनी भांडारकर संस्थेच्या आवृत्तीचा आधार घेऊन महाभारतातल्या व्यक्तींबद्दल धीट आणि वादग्रस्त ठरतील अशी मते मांडली. पण द्रौपदीवरच्या लेखात शेवटी, हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीचा प्रसंग त्यांना स्वतःच्या कल्पनेने रंगवावासा वाटला, तेव्हा त्यांनी आधी थांबून सांगितले की, इथपर्यंतचे विवेचन त्या आवृत्तीवर आधारलेले आहे, पुढची मात्र आपली ‘नरोटी’ आहे.

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. हा शब्द येतो एकनाथांकडून. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी मनाने पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. इरावतीबाईंनी तो शब्द उचलून स्वतःच्याच लेखनाला लावला. कल्पना त्यांनी टाळली नाही, फक्त ताट कुठे संपले आणि नरोटी कुठे सुरू झाली ते वाचकाला दाखवले. निबंध लिहिणाऱ्याकडून अपेक्षा एवढीच असते.

आता पुढे काय?

बहिणीने दुरुस्त केलेला निबंध दिला. बाईंनी नव्या परिच्छेदाशेजारी एकच प्रश्न लिहिला : ‘मग दुर्योधनाने द्रौपदीचेच नाव का घेतले असावे?’ ती वैतागली आहे, पण ४६ वा अध्याय पुन्हा वाचते आहे.

माझ्या जुन्या लेखातला दुसरा मुद्दा काढून टाकला आहे आणि खाली दुरुस्तीची टीप जोडली आहे. चूक काय होती, ती कोणाच्या नावावर खपवली गेली होती आणि चिकित्सित आवृत्तीत काय आहे, हे त्यात लिहिले आहे. पाच चुकांच्या त्या यादीत आता चारच उरल्या आहेत. त्या चारही आता सभापर्वासारख्याच, पुस्तक उघडून, तपासायच्या आहेत.

आजीलाही फोनवर सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग आधी हसले कोण म्हणालास?’ म्हटले, सेवक, मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. ‘म्हणजे सगळे पुरुषच की रे,’ ती म्हणाली, आणि स्वतःच मोठ्याने हसली.